आधी स्टेशन, मग गाव

स्टेशन गावासाठी असते, अशी आपली सर्वांची समजूत आहे. आधी गाव, मग त्या गावाला आगगाडी यावी म्हणून पुढाऱ्यांच्या खेपा, अर्जविनंत्या, आणि पुष्कळ वर्षांनी एकदाचा फलाट, हा क्रम आपल्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. रूळ गावापासून दूर पडलेच, तर स्टेशनाला ‘अमुक रोड’ असे नाव द्यायचे आणि उतारूंनी पुढची वाट टांग्याने किंवा रिक्षाने तुडवायची! नाशिक रोडला उतरणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

पण जगात अशीही स्टेशने आहेत, की जी आधी उभी राहिली आणि मग त्यांनी स्वतःसाठी गाव मागवून घेतले. जपानच्या राजधानीत, टोकियोच्या नैर्ऋत्येला, ‘देन-एन-चोफू’ नावाचे एक स्टेशन आहे. ‘तोक्यू’ या खाजगी कंपनीच्या तोयोको मार्गावर, शिबुया या गजबजलेल्या जंक्शनापासून अवघे आठ किलोमीटर. फलाट चार, रोजची गर्दी बेताची. त्या मार्गावरची सर्वांत वेगवान गाडी तर इथे थांबतही नाही. शेजारच्या जियुगाओकाला थांबते आणि इथून सरळ निघून जाते. तरीही जपानात घराचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी शंभर वर्षे हेच नाव राहिले आहे. ते का राहिले आणि त्या स्वप्नाचे पुढे काय झाले, ही हकिगत आपल्या लोकलच्या प्रवाशाने ऐकण्याजोगी आहे.

नावाची फोड

नाव पाहिले की त्याची फोड करण्याची खोड आम्हा भाषेच्या मास्तरांना असतेच. ‘चोफू’ हे जुने नाव. त्यातल्या ‘चो’चा अर्थ सरकारात भरायचा वस्तुरूप सारा आणि ‘फू’ म्हणजे कापड. तामा नदीकाठच्या या मुलखातले लोक प्राचीन काळी विणलेले कापड साऱ्यादाखल भरीत असत. म्हणजे आपल्याकडे एखाद्या खेड्याला ‘सारेकापड’ म्हणावे, तसला हा प्रकार. ‘देन-एन’ची दोन अक्षरे मात्र अगदी निराळ्या कुळातली. एक शेताचे, दुसरे बागेचे. दोन्ही मिळून हिरवे, मोकळे ग्रामीण वातावरण.

गंमत अशी, की ही बाग त्या गावाला स्टेशनाने चिकटवली. ११ मार्च १९२३ रोजी स्टेशन उघडले, तेव्हा त्याचे नाव नुसते ‘चोफू’ होते. १९२६ च्या आरंभी कंपनीने त्यामागे ‘देन-एन’ जोडले, आणि पुढे सरकारी दप्तरात वस्तीचेही नाव तेच झाले. मुलाने बापाचे बारसे करावे, तसे स्टेशनाने गावाचे केले.

शेतातून धावणारी रिकामी गाडी

ही उलटी रीत मुळात टोकियोची नव्हे, ती ओसाकाकडची. तिचा जनक इचिझो कोबायाशी. हा गृहस्थ मूळचा बँकेतला नोकर. ओसाकाच्या उमेदा भागातून ताकाराझुका नावाच्या ठिकाणापर्यंत त्याच्या कंपनीने विजेची गाडी घातली आणि १० मार्च १९१० रोजी ती सुरू झाली. वाटेत काय, तर भातशेती, टेकड्या आणि तुरळक खेडी! गाडीत बसणार कोण? हा मार्ग बुडणार, असे शहाणी माणसे म्हणत होती.

कोबायाशीने हिशोब वेगळा मांडला. प्रवासी नाहीत ना? मग ते तयार करू. रूळ पडायच्या आधी बाजूची जमीन स्वस्त असते. ती आताच घेऊन ठेवू. त्याच वर्षी इकेदा स्टेशनाजवळ त्याने घरे बांधून विकायला काढली. एकेक घर साधारण शंभर त्सुबो जमिनीवर. (त्सुबो म्हणजे आपले सुमारे छत्तीस चौरस फूट.) आणि खरी युक्ती तर पुढेच होती. थोडी रक्कम रोख द्यायची आणि उरलेली दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडायची. पगारावर जगणाऱ्या कारकुनाला स्वतःचे घर ही गोष्ट प्रथमच हाताशी आल्यासारखी वाटली. घर घेतले की रोज कचेरीला जायला गाडी त्याचीच. दहा वर्षे हप्ता फेडायचा आणि जन्मभर पास काढायचा!

मग रविवारचा प्रश्न आला. कचेऱ्या बंद म्हणजे गाडी रिकामी. म्हणून मार्गाच्या दुसऱ्या टोकाला ताकाराझुका येथे गरम पाण्याची स्नानगृहे काढली, आणि १९१४ साली तिथे मुलींच्या संगीत-नाटिका सुरू केल्या. तो ताकाराझुकाचा रंगमंच आज शंभरावर वर्षे झाली तरी गर्दी खेचतो आहे. इकडे शहराच्या टोकाला, उमेदा स्टेशनातच, १९२९ मध्ये मोठे दुकान उघडले. तिकीट, घर, करमणूक, बाजार, सगळे एकाच मालकाचे. सकाळी नवरा शहराकडे, दुपारी बायको खरेदीला, रविवारी सगळे कुटुंब नाटकाला. आपला शेतकरी जमिनीत ज्वारी पेरतो. या गृहस्थाने रुळांच्या दोन्ही अंगांना उतारू पेरले, आणि पीक असे आले, की देशातल्या बहुतेक खाजगी रेल्वे कंपन्यांनी पुढे हाच कित्ता गिरवला.

बँकवाल्याचे म्हातारपणचे स्वप्न

टोकियोतल्या आपल्या स्टेशनाची जन्मकथा मात्र नफ्यापेक्षा ध्येयवादाने सुरू होते. तिचा नायक एइइची शिबुसावा. जपानची पहिली आधुनिक बँक १८७३ साली उभी करणारा आणि सुमारे पाचशे उद्योगांशी नाव जोडलेला हा महापुरुष. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनांच्या नोटेवर त्याचेच चित्र आहे.

मुंबईकरांना त्याची आणखी एक ओळख सांगितली पाहिजे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले होते. हिंदुस्थानचा कापूस जपानी गिरण्यांना नेणाऱ्या जहाजांवर तेव्हा एका बलाढ्य ब्रिटिश कंपनीची सत्ता होती आणि भाडे ती सांगेल तेवढे द्यावे लागे. हा विळखा सोडवण्यासाठी टाटा आणि जपानी जहाज कंपनी यांनी एकत्र येऊन मुंबई-कोबे मार्ग सुरू केला. जपानच्या बाजूने ही जुळणी करण्यात शिबुसावा पुढे होता. ब्रिटिश कंपनीने भाडी पाडून झुंज दिली, त्यात टाटांची जहाजे टिकली नाहीत. पण जपानी कंपनीचा मार्ग टिकला. ज्या हातांनी मुंबईच्या कापसाची वाट मोकळी केली, त्याच हातांनी पुढे पाव शतकाने देन-एन-चोफूची मुहूर्तमेढ रोवली.

इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड याने १८९८ साली एक पुस्तक लिहून ‘उद्याननगरी’ची कल्पना मांडली होती. शहरातला धूर आणि खेड्यातले दारिद्र्य, दोन्ही टाळून मध्यम आकाराची हिरवी नगरे वसवावीत. त्यांत घरेही असावीत आणि कारखानेही. आणि मुख्य म्हणजे जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची असावी, म्हणजे तिची किंमत वाढली तर फायदा गावाला मिळेल. १९०३ मध्ये लेचवर्थ येथे अशी पहिली नगरी उभी राहू लागली. जपानच्या गृहखात्यातल्या मंडळींनी १९०७ साली या विषयावर पुस्तकच काढले, आणि ‘उद्याननगरी’ला जपानी शब्द दिला ‘देन-एन-तोशी’.

१९१८ च्या सप्टेंबरात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शिबुसावाने याच नावाची कंपनी स्थापण्यात पुढाकार घेतला. टोकियो तेव्हा फुगत चालले होते; अरुंद गल्ल्या, लाकडी घरे, गिरण्यांचा धूर. मध्यमवर्गी माणसाला स्वच्छ हवेत घर मिळावे, हा म्हाताऱ्याचा हेतू. त्याचा मुलगा हिदेओ युरोप-अमेरिका पालथी घालून नव्या वसाहती पाहून आला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका उपनगराचे वळणदार रस्ते त्याच्या मनात भरले, कारण अशा रस्त्यावर चालणाऱ्याला पुढचे वळण सतत खुणावत राहते.

अर्धचंद्राचे रस्ते

तामा नदीच्या बाजूच्या पठारावर तेच वळण उतरले. नकाशा हाती घेतला, तर स्टेशनाच्या पश्चिमेला अर्धा पंखा उघडून ठेवल्यासारखा दिसतो. स्टेशन म्हणजे पंख्याची मूठ. तिथून किरणांसारखे रस्ते निघतात आणि एकात एक बसवलेले अर्धगोल रस्ते त्यांना छेदतात. दुतर्फा जिन्कोची झाडे. शरदात त्यांची पंख्याच्याच आकाराची पाने हळदीसारखी पिवळी होतात. जवळच ‘होराई’ नावाचे तळ्याकाठचे उद्यान. दुकाने आणि वर्दळ रुळांच्या पूर्वेला. पश्चिमेला नुसती घरे.

रस्त्यांची आखणी आणि स्टेशनाची इमारत, दोन्ही किंतारो याबे या वास्तुविशारदाच्या हातच्या. इमारत पाहावी, तर युरोपातल्या एखाद्या जुन्या कौलारू घराची आठवण व्हावी. छप्पर निम्म्यावर वाकून एकदम उभे उतरणारे, त्यात खिडक्या. नव्या गावाच्या वेशीवरचा हा दरवाजाच होता म्हणा ना!

जमीन घेणाऱ्याला कंपनीच्या अटी मान्य कराव्या लागत. घर तीन मजल्यांपेक्षा उंच नको. निम्म्याहून अधिक जागेवर बांधकाम नको. कुंपण घालायचेच झाले, तर ते नाजूक आणि शोभिवंत हवे. शेजाऱ्याला उपद्रव होईल असे काही बांधायचे नाही. आणि बांधकामावर दर त्सुबोमागे अमुक इतका तरी खर्च झालाच पाहिजे. ही शेवटची अट नीट लक्षात ठेवावी. स्वच्छ हवा सर्वांसाठी, असे म्हणत निघालेल्या गावाने पहिल्याच दिवशी दारावर किमतीची पाटी लावली होती.

भूकंपाने केलेली जाहिरात

१९२३ च्या मार्चमध्ये गाडी आली. ऑगस्टमध्ये इथल्या जमिनीची विक्री सुरू झाली. आणि १ सप्टेंबर रोजी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे असताना, धरणी हादरली. चुली पेटलेल्या होत्या. टोकियो आणि योकोहामा येथे वणवा पेटला. लाखाहून अधिक माणसे गेली.

पठारावरच्या नव्या वसाहतींना मात्र फारशी झळ लागली नाही. ज्या गोष्टीसाठी कंपनीला वर्षानुवर्षे जाहिरात करावी लागली असती, ती भूकंपाने दोन-तीन दिवसांत केली. शहरात राहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे, हे लोकांना कळून चुकले. कंपनीनेही या सुरक्षिततेचा आपल्या जाहिरातीत उपयोग करून घेतला. अधिकारी, लष्करातले लोक, कंपन्यांतले वरचे नोकर यांनी घरे बांधली. कुरामाए येथे जळून गेलेली तांत्रिक शिक्षणाची सरकारी शाळादेखील १९२४ मध्ये या कंपनीच्या ओओकायामा येथील जमिनीवर आली. एका गावाची राख झाली, तिच्यातून दुसऱ्याचे भाग्य उजाडले. शहरांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, पण ते वाचताना मन चरकल्याशिवाय राहत नाही.

मुलाने आईला गिळले

आता या कथेतले तिसरे पात्र. जमीन होती, नकाशा होता, पण गाडीचे शास्त्र शिबुसावाच्या माणसांना येत नव्हते. म्हणून ओसाकाहून कोबायाशीला पाचारण केले. आपले नाव पुढे करायचे नाही आणि मोबदला घ्यायचा नाही, या बोलीवर तो महिन्यातून एकदा टोकियोला येऊन सल्ला देई. रोजचा कारभार पाहायला त्याने माणूस सुचवला, केइता गोतो. रेल्वेखात्यातली नोकरी सोडून आलेला, धडाडीचा, थोडासा आडदांड. कोबायाशीने त्याला मंत्र दिला: आधी ही छोटी लाइन पुरी कर, जमीन विकली जाऊ दे, त्या पैशातून मोठी लाइन बांध.

गोतोने मंत्र तंतोतंत पाळला. जमिनीसाठी जन्माला घातलेली रेल्वे कंपनी १९२२ मध्ये निघाली. योकोहामाकडचा मार्ग १९२६ मध्ये सुरू झाला, १९२७ मध्ये तो शिबुयाला भिडला. आणि १९२८ मध्ये, जमीन बव्हंशी विकली गेल्यावर, या रेल्वे कंपनीने आपल्या जन्मदात्या देन-एन-तोशी कंपनीलाच पोटात घेतले. गाव वसवायला निघालेल्या कंपनीचे साधन म्हणून रेल्वे आली होती. दहा वर्षांत साधन उरले आणि साध्य त्याच्या खातेवहीतले एक पान झाले.

पुढे गोतोने आसपासच्या रेल्वे कंपन्या एकामागून एक अशा गिळल्या, की जपानी लोकांनी त्याच्या नावावर कोटी केली. ‘गोतो’ किंचित लांबवून उच्चारले, की जपानीत त्याचा अर्थ ‘दरोडेखोर’ होतो! पण त्याच्या बुद्धीला मानले पाहिजे. सकाळी सगळ्या गाड्या शहराकडे भरून जातात आणि उलट रिकाम्या येतात, हे दुखणे आपल्यालाही ठाऊक आहे. त्याने केइओ विद्यापीठाला योकोहामाच्या वाटेवर हियोशी येथे जमीन देऊ केली. १९३४ मध्ये तिथे वर्ग भरू लागले. झाले! कचेरीवाले एका दिशेला, विद्यार्थी दुसऱ्या दिशेला, गाडी दोन्हीकडे भरलेली. त्याच साली शिबुयाला कंपनीचे दुकान निघाले. देन-एन-चोफूच्या पुढच्याच स्टेशनाजवळ करमणुकीची बाग १९२५ पासून होतीच. ती १९८५ मध्ये बंद झाली आणि शिबुयाचे ते दुकान २०२० मध्ये. गाड्या मात्र चालूच आहेत.

आजचे स्टेशन

आज या स्टेशनात शिरलात, तर फलाट जमिनीखाली आढळतील. १९९० च्या दशकात रूळ खाली नेले आणि तोयोको व मेगुरो हे दोन मार्ग इथे एकमेकांना लागून आले. एका फलाटाच्या दोन कडांना एकाच दिशेच्या दोन गाड्या लागतात. या गाडीतून उतरून चार पावले चालले, की त्या गाडीत. जिना नाही, पूल नाही, धावाधाव नाही. दादरच्या पुलावरून रोज दोनदा ढकलला जाणारा आपला चाकरमानी हे वाचून सुस्कारा सोडील, यात शंका नाही.

गाड्यांची धावही लांबली आहे. २०१३ पासून तोयोकोच्या गाड्या शिबुयाहून पुढे भुयारी मार्गात शिरतात. २०२३ पासून हियोशीहून शिन-योकोहामाकडे नवा फाटा निघाला आहे. उतारूच्या खिशातला पास बहुधा त्याची कचेरी भरते. घरापासून कामापर्यंतचा प्रवासखर्च मालकाने द्यावा, ही तिकडची सार्वत्रिक रीत. माणूस दूर राहायला कचरत नाही याचे निम्मे रहस्य या रीतीत आहे. रेल्वे कंपनीचे सुखही तिच्यातच आहे.

आणि गाव? ते सुंदर आहे, शांत आहे, आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. मध्यमवर्गासाठी योजलेली ही वस्ती श्रीमंतीची खूण होऊन बसली. १९८० च्या सुमारास एका विनोदी जोडगोळीने ‘देन-एन-चोफूत घर’ हा शब्दप्रयोग इतका गाजवला, की अशक्य कोटीतल्या भाग्याला ते उपनाम झाले. इथल्या रहिवाशांचे मंडळ १९२६ पासूनचे. जुन्या अटी जपण्यासाठी ते झटत आले आहे. पण घरधनी वारला, की वारसांवर वारसाकराचा डोंगर कोसळतो. जमिनीचा तुकडा विकल्याशिवाय तो फिटत नाही, आणि तुकडे पडले की बाग संपते. बाग राखावी तर घर जाते, घर राखावे तर बाग जाते.

हॉवर्डच्या मूळ विचाराशी हे ताडून पाहावे. जमीन सामाईक असावी, म्हणजे वाढलेली किंमत गावाच्या कामी येईल, हा त्यातला गाभा. देन-एन-चोफूने रस्ते घेतले, झाडे घेतली, वळणे घेतली. गाभा तेवढा वाटेत गळाला. कारखानेही आले नाहीत, म्हणजे काम शहरात आणि निजणे इथे. अर्थात ते आले असते, तर पास कोणी काढला असता? गावाचे अपुरेपण हेच रेल्वेचे उत्पन्न होते.

आपल्याकडचा धडा

आपली पहिली रेल्वेही खाजगी कंपनीचीच होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणाऱ्या जी. आय. पी. कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडी भरो वा रिकामी जावो, भागीदाराचे व्याज ठरलेले. मग गावे वसवण्याची यातायात तिने का करावी? स्टेशनाभोवती वस्ती झाली ती आपसूक, जमेल तशी, गटारे आणि रस्ते मागाहून मागत. जपानी कंपनीने आधी आखणी केली आणि माणसे निवडून आत घेतली. आपण माणसे घेतली आणि आखणी विसरलो.

मधली वाट नाहीच, असे नाही. नव्या मुंबईसाठी १९७० मध्ये निघालेल्या सिडकोने मानखुर्दहून खाडीपलीकडे वाशीला जाणाऱ्या रेल्वेचा दोन-तृतीयांश खर्च स्वतः उचलला आणि १९९२ मध्ये गाडी वाशीला पोचली. जमीन सार्वजनिक संस्थेच्या हाती; तिच्या किमतीतून रूळ पडले. कल्पना तीच कोबायाशीची, पण थैली लोकांची. त्या थैलीतले किती परत लोकांच्या घरासाठी आले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पासधारकाला आहे. खाजगी कंपनीला तो विचारता येत नाही.

देन-एन-चोफूची ती जुनी कौलारू इमारत १९९० मध्ये उतरवली होती. लोकांना चुकल्याचुकल्यासारखे झाले. तेव्हा २००० च्या जानेवारीत ती होती तशी पुन्हा उभी केली. आता तिथे तिकीट मिळत नाही, पास मिळत नाही, गाडीही खालून जाते. इमारत तेवढी पंख्याच्या मुठीशी, गावाकडे तोंड करून उभी आहे. समोरचे रस्ते कोणालाही मोकळे आहेत. जिन्कोच्या सावलीत वाटेल त्याने फिरावे, वळणावरचे पुढचे घर पाहावे, आणि संध्याकाळच्या गाडीने आपल्या घरी परतावे. तिथे राहायला जाण्याचे तिकीट मात्र शिबुसावाच्या मध्यमवर्गी माणसाला केव्हाच परवडेनासे झाले आहे.